रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही: समुपदेशन आणि 'हळूहळू व्यायाम वाढवा' या सल्ल्यावर किती विसंबायचं?

नीलमोहर | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

डेंग्यू, चिकुनगुन्या, कोविड, नाहीतर नुसताच 'व्हायरल' येऊन जातो. ताप उतरतो, पण माणूस काही उठत नाही. महिने उलटतात. सीबीसी, थायरॉइड, साखर सगळं ठीक येतं. मग ठरलेले तीन सल्ले मिळतात: मनावर घेऊ नका, समुपदेशन घ्या (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलू पाहणारं समुपदेशन, हा शब्द हमखास येतो), आणि रोज सकाळी पर्वती चढायला लागा, सुरुवातीला निम्मी, मग पूर्ण.

धाकट्या जावेसाठी विचारते आहे. वय ३१, आठ महिने झाले. अंघोळ झाली की दुपारपर्यंत आडवी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'क्रॉनिक फटीग?' असं प्रश्नचिन्हासकट लिहिलंय आणि खाली सीबीटी व 'ग्रेडेड एक्सरसाइज'. तिला हे दोन्ही करायची भीती वाटते आणि घरातल्यांना ती भीती हाच आजार वाटतो. या उपचारांना आधार किती? नैराश्य आणि हे, यांत फरक कसा ओळखायचा? आणि घरी नेमकं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

वेताळटेकडी | सोमवार, रात्री ९.४५

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आठ महिने गादीवर काढले तर कोणाचेही स्नायू जातील. ताकद वापरल्याशिवाय ताकद येत नाही. पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा, दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. हार्ट अटॅकनंतरही असंच करतात. नैराश्यातसुद्धा व्यायामाचा फायदा होतो, हे तर सर्वमान्य आहे. आपण भीतीला खतपाणी घालू नये.

फोडणी | सोमवार, रात्री १०.०२

आठ महिने म्हणजे फार झाले हो. वाचते आहे, लिहा कोणीतरी नीट.

सांधेजोड | सोमवार, रात्री ११.२०

फिजिओथेरपी हाच व्यवसाय आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

वेताळटेकडी, तुमचं म्हणणं बायपास झालेल्या किंवा गुडघा बदललेल्या माणसाच्या बाबतीत अगदी खरं आहे. ते तिथे इतकं खरं ठरतं की आम्ही लोक डोळे मिटून सगळीकडे लावतो, आणि इथे घात होतो. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, थोडक्यात एमई/सीएफएस, याचं मुख्य लक्षण थकवा नाहीच. मुख्य लक्षण आहे श्रमानंतरचा बिघाड. याला पीईएम म्हणतात, रुग्ण सरळ 'क्रॅश' म्हणतात. झेपेल त्यापेक्षा थोडं जास्त झालं की १२ ते ४८ तासांनी, कधी तिसऱ्या दिवशी, सगळीच लक्षणं एकदम चढतात: घसा दुखतो, गाठी दुखतात, अंग मोडून येतं, शब्द सापडत नाहीत, उजेड सहन होत नाही. आणि हे दिवसेंदिवस, कधी आठवडे टिकतं. श्रम म्हणजे चालणंच असंही नाही. तासभर बँकेच्या फोनवर डोकं लावणं, घरात वादावादी होणं, एखादं लग्न, यांनीही तेच होतं.

फसगत कुठे होते पाहा. मंगळवारी माणूस फिरून येतो, बरं वाटतं. बुधवारीही बरा. गुरुवारी कोसळतो. घरचे म्हणतात, काल तर काही केलंच नव्हतं, मग आज काय झालं? कारण परवाचं असतं.

आता पुरावा. सायकलवर तोंडाला मास्क लावून श्वासातला प्राणवायू मोजण्याची चाचणी लागोपाठ दोन दिवस करतात. नुसता व्यायाम सुटलेल्या माणसाचे दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखे येतात. एमई/सीएफएसमध्ये दुसऱ्या दिवशी कमी भारालाच शरीराची दमछाक सुरू होते. २०२४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडमध्ये हा बिघाड होणाऱ्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे व्यायामाआधी आणि व्यायामानंतर तपासले. व्यायामानंतर स्नायूंना इजा जास्त आणि पेशींमधली ऊर्जानिर्मिती आणखी खाली. स्नायू बसून राहिल्याने गेले, एवढ्यावर याचा उलगडा होत नाही. (चाचणीनेही क्रॅश येतो, त्यामुळे हौसेने कोणी करवून घेऊ नये.)

म्हणून नीलमोहर, तुमच्या जावेची भीती हा आजार नाही. आठ महिन्यांत तिच्या शरीराने तिला जे दाखवलं, तेच ती सांगते आहे.

वेताळटेकडी | मंगळवार, सकाळी ७.१५

दोन दिवसांनंतरच्या बिघाडाचं मला माहीत नव्हतं. पण मग 'हळूहळू वाढवा' हे मोठमोठ्या परदेशी अभ्यासांतून आलं ना? ते काय हवेतून आलं?

आकडेमोड | मंगळवार, सकाळी १०.३०

हवेतून नाही, मुख्यतः पेस नावाच्या चाचणीतून आलं. संख्याशास्त्र शिकवताना चाचणी कशी वाचू नये याचं उदाहरण म्हणून मी ती नेहमी घेतो. नीट पाहण्यासारखी आहे.

ब्रिटनमध्ये ६४१ रुग्ण, चार गट: नुसती वैद्यकीय देखभाल, देखभाल आणि पेसिंग (झेपेल तेवढंच करणं), देखभाल आणि सीबीटी, देखभाल आणि क्रमाने वाढवत नेलेला व्यायाम, म्हणजे जीईटी. निष्कर्ष २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०१३ च्या लेखात सांगितलं गेलं की सीबीटी आणि जीईटी या दोन्ही गटांतले २२ टक्के रुग्ण बरे झाले. जगभर चिठ्ठ्यांवर जे उतरलं त्याला मोठा आधार इथला.

आता 'बरे' म्हणजे काय? शारीरिक क्षमतेची १०० गुणांची एक प्रश्नावली होती. चाचणीत प्रवेश मिळायला ६५ किंवा कमी गुण हवेत. मूळ आराखड्यात बरं होण्याची रेषा ८५ वर होती. ती मधेच ६० वर आणली. म्हणजे ६५ गुणांवर आजारी म्हणून दाखल झालेला माणूस वर्षभरात ६० वर घसरला तरी या कसोटीपुरता 'बरा'. इतर कसोट्याही होत्या, पण त्याही अशाच सैल केल्या होत्या.

ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने माहितीच्या अधिकारात कच्चे आकडे मागितले. विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण लवादापुढे गेलं आणि २०१६ मध्ये आकडे द्यावे लागले. मूळ आराखड्यातल्या व्याख्येने मोजल्यावर सीबीटीत ७ टक्के, जीईटीत ४ टक्के आणि नुसत्या देखभालीत ३ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान आहे.

आणखी दोन गोष्टी. कोणाला कोणता उपचार मिळतो हे रुग्णाला माहीत होतं आणि मुख्य निकष त्याच्याच उत्तरांवर होते. ज्या उपचारात 'तुम्ही समजता तेवढे आजारी नाही' हेच शिकवतात, त्याच्या शेवटी 'कसं वाटतंय' विचारलं तर उत्तर थोडं वर सरकणारच. प्रत्यक्ष मोजलेल्या गोष्टी पाहा: सहा मिनिटांत चालण्याचं अंतर जीईटी गटात सरासरी ३१२ मीटरवरून ३७९ वर गेलं. निरोगी प्रौढ माणूस तेवढ्या वेळात सहज ५०० च्या पुढे जातो. आणि प्रवेशाच्या व्याख्येत श्रमानंतरचा बिघाड असण्याची अटच नव्हती. सहा महिने थकवा एवढ्यावर दाखल करून घेतलं. त्यात नैराश्याने थकलेलेही आलेच असणार.

सदाशिवपेठी | मंगळवार, सकाळी ११.०५

मंडळी, हे वाचून बसायला झालं. पंधरा वर्षं लोक या आकड्यांवर टेकड्या चढतायत.

कसबेकर | मंगळवार, दुपारी १२.४०

'मनाचं आहे' हा शिक्का त्याहूनही जुना आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये २९२ कर्मचारी आजारी पडले, हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराला मज्जासंस्थेच्या विकारांत जागा दिली. आणि लगेच १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, एकाही रुग्णाला न भेटता, जुने केसपेपर वाचून तो सामूहिक उन्माद होता असं लिहिलं. बाधितांत बायका जास्त होत्या, हे त्यांच्या कारणांपैकी एक. तो शिक्का अजून पुसला गेलेला नाही.

बदललं ते अलीकडे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१७ मध्ये जीईटी आणि सीबीटीची शिफारस काढून टाकली. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस संस्थेची नवी नियमावली ऑगस्ट २०२१ मध्ये यायची होती, मतभेदांमुळे अडली आणि २९ ऑक्टोबरला आली. तिच्यात जीईटी देऊ नये असं स्वच्छ लिहिलंय. आणि सीबीटी आजार बरा करण्यासाठी नव्हे, तर आजारासोबत जगायला आधार म्हणून, रुग्णाला हवी असेल तरच.

नीलमोहर, चिठ्ठीवरच्या ग्रेडेड एक्सरसाइजला आणि आजार बरा करण्यासाठीच्या सीबीटीला २०२१ च्या या नियमावलीने फाटा दिलाय, हे डॉक्टरांना नम्रपणे सांगायला हरकत नाही. बरेचसे डॉक्टर हे शिकले तेव्हा पुस्तकात जुनंच होतं.

मनमोकळं | मंगळवार, सायंकाळी ६.५०

समुपदेशक म्हणून लिहिते. वरच्या पुराव्याबद्दल माझा वाद नाही, पण 'समुपदेशन नकोच' असा अर्थ कोणी काढू नये म्हणून लिहिणं भाग आहे.

सीबीटीच्या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. एकीत गृहीतच असं असतं की आजाराबद्दलची चुकीची समजूत आणि हालचालीची भीती यांनीच आजार टिकून आहे. म्हणून विश्रांती कमी करा, लक्षणांकडे लक्ष देऊ नका. ही एमई/सीएफएसमध्ये नको. दुसरीत आजार खरा धरून काम चालतं: नोकरी सुटल्याचं दुःख, घरच्यांशी बोलायचं कसं, 'नाही' म्हणायचं कसं, अपराधीपणाचं काय करायचं. हिचा उपयोग होतो. पहिल्याच भेटीत विचारा: 'तुमच्या मते हा आजार कशामुळे टिकून आहे?' उत्तरावरून कोणती सीबीटी ते कळेल. सत्र २० ते २५ मिनिटांचं, आडवं पडून, फोनवर चालेल का, तेही विचारा. ५० मिनिटं खुर्चीत बसून बोलणं हेच कित्येकांना क्रॅश आणतं.

आता नैराश्य आणि यातला फरक. दवाखान्यात पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी भरून घेतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, १० किंवा जास्त झाले की नैराश्याची शंका. आता एमई/सीएफएसच्या रुग्णाने ती प्रामाणिकपणे भरली तर काय होतं पाहा. झोप बिघडलेली: ३. थकवा: ३. लक्ष लागत नाही: ३. हालचाल मंदावली: १. झाले १०! मन उदास असण्याच्या प्रश्नाला शून्य असूनही. म्हणून एकूण बेरीज पाहू नका, कोणत्या ओळीत गुण आलेत ते पाहा. उदासी, रस नसणं, स्वतःला नालायक समजणं आणि मरणाचे विचार, या चार ओळी वेगळ्या वाचायच्या. रस नसण्याच्या ओळीतही गल्लत होते. 'करत नाही' म्हणजे 'करावंसं वाटत नाही' असं नव्हे.

मी एकच प्रश्न विचारते: उद्या सकाळी अंगात पूर्वीचं बळ आलं तर काय काय कराल? नैराश्यात उत्तर सहसा येत नाही, 'काय करायचंय करून' असं येतं. एमई/सीएफएसमध्ये यादी थांबत नाही. पोहायला जाईन, तुळशीबागेत जाईन, आईकडे राहायला जाईन.

पण दोन्ही एकत्र असू शकतं, आणि तेव्हा नैराश्यावर उपचार हवेतच. मरणाचे विचार येत असतील तर 'ते आजारामुळे आहे' म्हणून थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि कळकळीने सांगते, हा धागा वाचून कोणीही नैराश्यावरच्या चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत. या गटातल्या बऱ्याच गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, झोप उडणं असा त्रास होतो. डॉक्टरांच्या देखरेखीत आठवड्या-आठवड्याने उतरवायच्या.

मायक्रोस्कोप | मंगळवार, रात्री ८.१५

मनमोकळं यांना अनुमोदन. एक भर घालतो. 'सगळे रिपोर्ट नॉर्मल' यात सगळे म्हणजे कोणते? सीबीसी, टीएसएच आणि साखर एवढ्यावर फाइल बंद करू नये. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा, हिमोग्लोबिन चांगलं असूनही हे खाली असू शकतं), बी-१२ (शाकाहारी घरांत आधी हेच पाहा), ड जीवनसत्त्व, ईएसआर आणि सीआरपी, यकृत-मूत्रपिंड, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, सीपीके, सकाळी आठ-नऊच्या सुमारास घेतलेलं कॉर्टिसॉल, गव्हाच्या अ‍ॅलर्जीसाठी टीटीजी-आयजीए, लघवी. घोरणं असेल तर झोपेची तपासणी. वजन घटतंय, संध्याकाळी ताप येतोय, खोकला आहे, तर आपल्याकडे क्षयरोग वगळल्याशिवाय पुढे जाऊच नये.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा. थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात.

कसबेकर | मंगळवार, रात्री ८.३०

बारीक दुरुस्ती: टीटीजी-आयजीए ही सीलिअ‍ॅक आजाराची (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्यांना इजा होते तो) चाचणी, अ‍ॅलर्जीची नव्हे. आणि महिनाभर आधी गहू बंद केला असेल तर ती खोटी नकारात्मक येऊ शकते.

मायक्रोस्कोप | मंगळवार, रात्री ८.३४

बरोबर. बोलीत अ‍ॅलर्जी म्हणतात म्हणून तसं लिहिलं गेलं. सीलिअ‍ॅकच.

सांधेजोड | मंगळवार, रात्री १०.४५

मायक्रोस्कोप यांच्या यादीत घरी, फुकट करता येणारी एक तपासणी जोडा, कारण ती बहुतेकदा राहून जाते. उभं राहिल्यावर रक्तदाब आणि नाडी काय करतात? अंघोळीनंतर दुपारपर्यंत आडवं पडणं या एका वाक्यावरून मला ती आधी करावीशी वाटते. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात, उभं राहिल्याने रक्त पायांत उतरतं, आणि हात डोक्याच्या वर जातात. तिन्ही एकदम.

दंडाला पट्टा लावायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. १० मिनिटं शांत आडवं पडून दोनदा रीडिंग घ्या. मग उभं राहायचं: टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, फक्त खांदे भिंतीला टेकलेले, पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही. दर मिनिटाला रक्तदाब आणि नाडी लिहायची, १० मिनिटं. सोबत एक माणूस हवाच. घेरी आली, डोळ्यांपुढे अंधारी आली की तिथेच थांबवून आडवं करायचं. प्रौढांत नाडी ३० किंवा जास्तीने वाढून तशीच राहिली आणि रक्तदाब फारसा पडला नाही तर पॉट्सची (उभं राहिलं की नाडी फार वाढण्याचा विकार) शंका. वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने पडला तर ती वेगळी तक्रार. कागद घेऊन फिजिशियनकडे जायचं. यावर औषधं आहेत, आणि ते सावरलं की निम्मा दिवस सावरतो. नुसती धडधड पाहून 'एंझायटी' लिहिलेले बरेच कागद या दहा मिनिटांत बदलतात.

पोटऱ्यांपुरते मोजे पुरत नाहीत, कंबरेपर्यंतचे, २० ते ३० दाबाचे लागतात. ओआरएसची पुडी घेतली तर अख्खी, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, ग्लासात अर्धी असं नको. रक्तदाब जास्त असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ वाढवणं डॉक्टरांना विचारूनच.

फोडणी | बुधवार, सकाळी ९.२०

घरी काय करायचं याबद्दल मी लिहिते. घरातली काम करणारी बाईच आजारी असली की 'विश्रांती घे' म्हणून काही होत नाही, काम फोडून द्यावं लागतं.

पोळ्यांचं घ्या. कणीक भिजवणं, मळणं, लाटणं, भाजणं ही चार कामं आहेत आणि उभ्याने सलग केली तर पाऊण तास. कणीक आदल्या संध्याकाळी दुसऱ्याने मळून फ्रीजमध्ये. लाटायचं ते टेबलावर बसून, पोळपाट कोपराच्या उंचीला, पाच पोळ्या झाल्या की थांबायचं. भाजायला दुसरं माणूस. ओट्यापाशी उंच स्टूल हवंच, पाठीला टेक असलेलं. भाजी चिरून आणलेली घ्या, कुकरमध्ये वरण-भात-भाजी एकाच वेळी लावा. पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणल्या तर आकाश कोसळत नाही.

अंघोळ बसून. प्लास्टिकचा चौरंग, रबरी पायांचा, बादली वीतभर उंच पाटावर ठेवली की वाकावं लागत नाही. पाणी कोमट. केस वेगळ्या दिवशी. अंग पुसत उभं राहण्यापेक्षा टर्किशचा गाऊन अंगावर घालून सरळ पलंगावर पडायचं, तोच पाणी टिपतो. आणि अंघोळ सकाळीच झाली पाहिजे हा हट्ट घराने सोडायचा!

सदाशिवपेठी | बुधवार, सकाळी ९.४१

गाऊनची युक्ती फार छान.

नीलमोहर | बुधवार, दुपारी १.१५

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. भिंतीपाशी उभं राहायची तपासणी काल रात्रीच वाचली, सकाळी केली. आडवी असताना नाडी ७४, चौथ्या मिनिटाला ११२, सहाव्याला आम्ही थांबवलं. रक्तदाब फार हलला नाही. कागद जपून ठेवलाय.

पेसिंग पेसिंग म्हणतात ते म्हणजे नुसतं कमी काम करणं का? आणि हिंजवडीची नोकरी आहे, घरून काम द्यायला तयार आहेत, पण दिवसाला आठ तास.

सांधेजोड | बुधवार, दुपारी ३.३०

७४ वरून ११२, म्हणजे ३८ ची वाढ. फिजिशियनला दाखवाच, आणि 'मला पॉट्सची शंका आहे' हे शब्द वापरा.

पेसिंग म्हणजे कमी करणं नव्हे, क्रॅशच्या अलीकडे थांबणं. आधी दोन आठवडे वही. चार रकाने पुरे: पाय जमिनीवर होते ते तास, डोक्याचं काम, झोप, आणि लक्षणं ० ते १०. वाईट दिवस आला की त्याच्या आधीचे दोन दिवस पाहायचे. रेषा तिथे सापडते. मग जेवढं झेपतंय असं वाटतं त्याच्या अर्ध्या ते पाऊण भागावर थांबायचं. बरं वाटलेल्या दिवशी राहिलेली कामं उरकायला जाणं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

नाडीची घंटा लावता येते. सकाळी उठायच्या आधीची नाडी सात दिवस लिहा, सरासरी काढा, त्यात १५ मिळवा. ७४ असेल तर ८९. घड्याळ त्याच्या वर गेलं की थरथरेल असं लावा. थरथरलं की बसायचं, शक्यतो आडवं. पॉट्स असेल तर नुसतं उभं राहिल्यानेच घंटा वाजत राहील, आधी त्यावर उपचार, मग घंटा. नाडी कमी करणारी गोळी चालू असेल तर हा हिशोब लागू नाही. आणि कणीक मळताना, भांडी घासताना मनगटावरचं घड्याळ खोटे आकडे दाखवतं, हाताच्या हालचालीलाच ते नाडी समजतं.

विश्रांती म्हणजे पडून मोबाइल पाहणं नाही. डोळ्यांवर पट्टी, आवाज नाही, १५ मिनिटं, काम सुरू व्हायच्या आधी आणि नंतर.

आठ तासांबद्दल स्पष्ट सांगतो: आत्ता नाही. वही होईपर्यंत रजा, मग २० मिनिटं काम आणि ४० मिनिटं आडवं, असे दोन-तीन तुकडे. कॅमेरा बंद.

वेताळटेकडी | बुधवार, सायंकाळी ७.००

माझं पहिलं मत मी मागे घेतो. पण योगाबद्दल विचारायचंय. तोही नको?

सांधेजोड | बुधवार, रात्री ८.१०

कोणता योग त्यावर आहे. १२ सूर्यनमस्कार म्हणजे मध्यम ते जोरदार व्यायाम, तो नको. कपालभाती, भस्त्रिका नको. जोरजोरात श्वास सोडल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडचा रक्तपुरवठा आवळतो, आणि उभ्याने घेरी येणाऱ्याला ते मारक. शवासन, योगनिद्रा, आडवं पडून सावकाश श्वास, पाय भिंतीवर टेकवून विपरीत करणीचा सोपा प्रकार, हे चालतं. तेही दुसऱ्या दिवशी काय होतं ते पाहून. गुडघे-घोटे पलंगावरच वाकवत राहायचे, सांधे आखडू नयेत म्हणून. त्याला व्यायाम वाढवणं म्हणत नाहीत.

दिवेलागण | बुधवार, रात्री ९.२५

जास्त आजारी असलेल्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सुमारे चौथा हिस्सा रुग्ण घराबाहेर पडू शकत नाहीत, काही तर अंधाऱ्या खोलीत असतात. त्यांना आवाज आणि उजेड हेच श्रम. गणपतीच्या आधी दोन महिने संध्याकाळी ढोलपथकांचा सराव सुरू होतो. नदीकाठी, पुलाखाली राहणाऱ्यांनी आत्ताच तयारी करावी: फोमचे बोळे कानात खोल बसवून त्यावर कारखान्यात वापरतात तसे कानावरचे मफ. दोन्ही एकावर एक. ढोलाचा दणका कानापेक्षा पलंगातून आणि भिंतीतून जास्त येतो, म्हणून पलंग भिंतीपासून हात-दीड हात सरकवा आणि पायांखाली जाड रबराचे तुकडे घाला. पथकाच्या प्रमुखाला भेटून सरावाची वेळ विचारा. वेळ माहीत असली की तेवढ्यापुरतं रुग्णाला घरातल्या आतल्या खोलीत हलवता येतं. विसर्जनाच्या दोन दिवसांसाठी जमल्यास गावाकडे किंवा उपनगरात, आणि नेताना गाडीत मागच्या सीटवर आडवं.

सदाशिवपेठी | बुधवार, रात्री ९.५०

पथकवाल्यांना नीट सांगितलं तर ऐकतात. आमच्या पेठेत एका खिडकीखालून जाताना ताशा थांबवतात.

उमेद३१ | गुरुवार, सकाळी ८.००

मेंदूला नवीन वळण लावून तीन दिवसांत बरं करणारा ऑनलाइन कोर्स आहे, ४० हजारांचा. कोणाला अनुभव? पेशींची ताकद वाढवणारं पॅकेजही मिळतंय.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी ८.४०

उमेद३१, पैसे भरू नका. अशा प्रकारातला सगळ्यात नावाजलेला कोर्स म्हणजे लायटनिंग प्रोसेस, आणि नाइसच्या त्याच नियमावलीत तो देऊ नये असं नाव घेऊन लिहिलंय. या कोर्सांत 'मी बरा आहे' असं म्हणत राहायला शिकवतात, बरं न वाटलं तर दोष रुग्णाचा ठरतो. हे फार क्रूर आहे.

बरं करणारं औषध आज नाही, हे खरं. नॉर्वेत रिटुक्सिमॅब या औषधावर मोठी आशा होती. १५१ रुग्णांच्या नीट घेतलेल्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसापेक्षा) सरस ठरलं नाही, आणि संशोधकांनी तसं २०१९ मध्ये जाहीर केलं. चाचणी अशी असते. दुसरीकडे, ब्रिटनच्या डीकोडएमई या अभ्यासात १५ हजारांहून जास्त रुग्णांच्या जनुकांत आठ ठिकाणी फरक सापडले, ऑगस्ट २०२५ मध्ये ते बाहेर आले. त्यांतले काही प्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्थेशी निगडित भागांजवळ आहेत. तुमचे ४० हजार चांगल्या खुर्चीला, मोज्यांना आणि स्वयंपाकाच्या मावशींना लावा.

नीलमोहर | गुरुवार, दुपारी १२.३०

आज संध्याकाळी सहाला फिजिशियन. दहा मिनिटं मिळतात. काय न्यायचं, काय बोलायचं? दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

मनमोकळं | गुरुवार, दुपारी १.०५

अर्ध्या पानाची चिठ्ठी, मोठ्या अक्षरात. तिने बोलायचं नाही, तुम्ही द्यायची. पहिली ओळ: कोणत्या तापानंतर, कोणत्या महिन्यापासून. दुसरी: पूर्वी काय करत होती आणि आता काय करू शकते, तासांत. तिसरी: 'श्रमानंतर ३६ तासांनी सगळं वाढतं, तीन दिवस टिकतं,' एका ताज्या उदाहरणासह. चौथी: झोपून उठल्यावर ताजं वाटत नाही. पाचवी: उभं राहिल्याचे नाडीचे आकडे. खाली दोनच मागण्या: पॉट्ससाठी तपासणी आणि उपचार, आणि चिठ्ठीवरच्या 'ग्रेडेड एक्सरसाइज'च्या जागी 'पेसिंग'. कंपनीच्या रजेसाठी तो एक शब्द महत्त्वाचा आहे. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात या आजाराचं नाव नाही, पण 'दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार' हा वर्ग आहे, त्यामुळे निदान कागदावर पूर्ण शब्दांत लिहून घ्या, प्रश्नचिन्ह काढून.

सांधेजोड | गुरुवार, दुपारी १.२०

जिन्याचं: आधी फोन करून विचारा, डॉक्टर खाली गाडीत येऊन पाहतील का, किंवा फक्त तुम्ही चिठ्ठी घेऊन गेलात आणि ती गाडीतून व्हिडिओवर बोलली तर चालेल का. नाहीच म्हणाले तर मजबूत, घडी न होणारी खुर्ची घेऊन दोन माणसं हवीत. बसवून वर न्यायचं, एक पाठीमागे, एक पायांकडे, प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवायची. वर पोचल्यावर रांगेत बसवू नका, बाकावर आडवी करा, कोणी काही म्हणालं तर म्हणू द्या. उद्या आणि परवा घरात तिच्यासाठी कुठलंही काम ठेवू नका.

नीलमोहर | गुरुवार, रात्री ९.४०

डॉक्टर स्वतः खाली आले. गाडीतच तपासलं, चिठ्ठी वाचली, नाडीचे आकडे दोनदा पाहिले. पॉट्ससाठी औषध अगदी कमी मात्रेत सुरू केलंय, ईसीजी घरी येऊन काढतील. 'पेसिंग' लिहून दिलं. प्रश्नचिन्ह मात्र पुढच्या भेटीपर्यंत राहिलंय, कॉर्टिसॉल आणि फेरिटिन आल्यावर काढू म्हणाले. ती आत्ता झोपली आहे. शनिवारी कशी आहे ते इथेच लिहीन.

फोडणी | गुरुवार, रात्री ९.४८

शनिवारच्या पोळ्या मी पाठवते. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका.